नत्थुजींचा कोरम

ये गं बाई, अशी जवळ सरक. लांबून वाचलेलं मला आवडत नाही. मी बोलते तशीच लिहिते. शाळा माझी चौथीतच सुटली, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले, तेव्हा भाषेत कुठे डाळ-तांदूळ सांडलेले दिसले तर वेचून घे. आणि एक आधीच सांगते, तुम्हा लोकांचं वागणं मला पटत नाही. नागपूरपर्यंत येता, लग्नं जेवता, साड्या घेता आणि तिथूनच माघारी फिरता. भंडारा काय समुद्रापलीकडे आहे? म्हातारी मेली की मात्र सगळे गाडी करून याल. मेल्यावर येणाऱ्या माणसांचा मला भारी राग आहे. का आहे, तेच सांगते.

आमच्या शेजारी नत्थुजी गिऱ्हेपुंजे राहतात. हा माणूस तब्येत विचारायला निघाला की मोहल्ल्यातले म्हातारे दार लावून घ्यायचे. खोकला आला तर गिळायचे. कोपऱ्यावरचा म्हातारा शिंपी तर एकदा नत्थुजींना गल्लीच्या तोंडाशी पाहून खाटेवरून उठला, काठी दारामागे लपवली आणि अंगणात चकरा मारायला लागला.

"कसं काय काकाजी, बरं वाटते का?" नत्थुजींनी विचारलं.

"एकदम फस्कलास," म्हातारा म्हणाला आणि त्याच दमात ओट्यावर बसला. "तू जाय बाप्पा. इथं तुले काही मिळत नाही."

आता तुला वाटेल, नत्थुजी यमाचे दलाल आहेत. नाहीत. ते आमच्या गावच्या शहर बससेवेचे अध्यक्ष होते. बसचा आणि मरणाचा संबंध काय? तो संबंध ह्या एका माणसाने जोडला, आणि जोडताना त्याला लाजही वाटली नाही.

दिसायला मोठा नीटनेटका. पांढराशुभ्र पायजमा-शर्ट, खिशाला दोन पेन, त्यातला एक चालणारा. फिरायचा सायकलवर. बससेवेचा अध्यक्ष आणि सायकलवर का, असं कोणी विचारलं तर म्हणे, "मले वेळेवर पोचा लागते ना."

ही बससेवा निघाली ती जिल्हा तुटल्यावर. गोंदिया वेगळा झाला आणि आमच्या गावातल्या मोठ्या लोकांना फार वाईट वाटलं. वाईट वाटलं म्हणजे त्यांनी सभा घेतली. त्या सभेत नत्थुजी उठून म्हणाले, "त्यायनं जिल्हा नेला. आपण कमीत कमी बस तं आणू." टाळ्या पडल्या. सहकारी संस्था निघाली, लोकांनी शेअर घेतले, माझ्या यजमानांनीही घेतला, तेव्हा ते होते, आणि तीन जुन्या मिनीबस आल्या. एक चाले. दुसरीचे भाग काढून पहिलीला लावत. तिसरी संचालकांच्या घरच्या लग्नांना जाई.

संचालक नऊ निवडून आले आणि प्रत्येकाला बस आपल्या दारावरून जायला हवी होती. वैनगंगेपलीकडे कारधा, मध्ये पूल, सरळ रस्ता. पण बस आधी गावभर नऊ दारांच्या पाया पडत फिरे. कारध्याचा माणूस बसमध्ये बसला आणि त्याचा भाऊ पायी निघाला, तर भाऊ घरी पोचून, हातपाय धुऊन, वरण-भात जेवून पुलावर बस पाहायला परत येई.

मी एकदा म्हटलं, "भाऊजी, तुमची बस आहे का मागतकरी? दारोदार फिरून राहिली."

"वहिनी, हा मार्ग एकमतानं मंजूर झाला आहे," नत्थुजी म्हणाले. त्या मंडळात एकमताने झालेली ती पहिली आणि शेवटची गोष्ट.

ठरावाचं वेड ह्या माणसाला आधीपासूनच. त्यांची बायको मंगला होती तेव्हा घरात वांग्याच्या भाजीलाही ठराव लागे. पाटावर बसले की विचारत, "सूचक?" मंगला म्हणे, "मी." "अनुमोदक?" "तुमची भूक." मग भाजी वाढली जाई. गरीब बाई, हसून न्यायची सगळं. लेकरू झालं नाही, आणि एका उन्हाळ्यात ती दोन दिवसांच्या तापाने गेली. तेव्हापासून नत्थुजी एकटे. एकटा माणूस शहाणा होतो म्हणतात. हा नाही झाला.

पोळ्याचं तर सांगूच नये. पोळ्याला आपल्याकडे बैलाला काम सांगत नाहीत, खांदे शेकतात, झूल घालतात, मिरवतात. नत्थुजींच्या डोक्यात आलं की बससुद्धा वर्षभर राबते, मग तिने काय पाप केलं? तिन्ही बस धुतल्या, चाकांना हळद आणि लोणी फासलं, काचेला बेगड चिकटवली आणि तोरणाखाली बैलांच्या रांगेत नेऊन उभ्या केल्या. गावोगावच्या लेकी सणाला आलेल्या, पोराबाळांना घेऊन थांब्यावर ताटकळत उभ्या, आणि बस विश्रांती घेऊन राहिलेली.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण तोरणाखालून आधी कोणती बस न्यायची, ह्यावर नत्थुजींचं आणि उपाध्यक्ष दोमाजीचं जुंपलं. दोमाजीचं लोखंडी सामानाचं दुकान, डोकंही त्याच मालाचं. नत्थुजी म्हणाले, चालणारी आधी. दोमाजी म्हणाला, लग्नाला जाते ती मानाची. बैल तोरण ओलांडून घरी गेले, बायकांनी त्यांना ओवाळलं, पुरणपोळी खाऊ घातली, पोट्टे झोपायला आले, तरी बस तिथेच. शेवटी चालणारीचीही बॅटरी उतरली. ओढायला बैल मागितले तर बैलवाले म्हणाले, "आज जुंपत नसतात, अध्यक्षसाहेब. तुमचाच नेम आहे."

त्या पोळ्यापासून मंडळाचे दोन तट पडले. नत्थुजींनी सभा लावली की दोमाजीची माणसं येत नसत, दोमाजीने लावली की नत्थुजींची. मधले दोघे भांडण नको म्हणून कुठेच जात नसत. सभेला निदान पाच डोकी लागत, त्याला ते कोरम म्हणत, आणि पाच कोणाचीच जमत नसत. कोरम नाही तर ठराव नाही, ठराव नाही तर नत्थुजी खिळासुद्धा घेणार नाहीत. बसचा हॉर्न बिघडला होता. ड्रायव्हर बंडू कित्येक महिने खिडकीतून मुंडकं बाहेर काढून ओरडत जायचा, "सरका वो, मागं बस आहे." बंडूचा घसा बसला की बसही बंद.

आता मुद्द्यावर येते.

आपल्याकडे मातीला गेलेली माणसं चिता पेटली की लगेच परतत नाहीत. घाटावरच बसतात. कोणी जाणता उभा राहून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतो, मग दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहतात आणि पांगतात. आणि आपल्याकडे लग्नाला नाही गेलं तर चालतं, मातीला जावंच लागतं. वैऱ्याच्या तर आधी. दोन शब्द बोलायला नत्थुजींएवढा हौशी माणूस गावात दुसरा नव्हता, त्यामुळे घाटावर ते कायमचेच अध्यक्ष.

असेच एकदा कोणाच्या तरी मातीत त्यांचे दोन शब्द संपले. स्तब्धता संपली. लोक चपला शोधायला लागले. नत्थुजींनी नजर फिरवली तर बाकीचे आठही संचालक समोर, डोळे पुसत.

"मंडळी, बसा," नत्थुजी म्हणाले. "कोरम झाला आहे. विषय क्रमांक एक, हॉर्न."

दोमाजी उठणार होता. पण मयत जळत असताना आधी उठून गेला असं लोकांनी म्हटलं असतं, म्हणून त्यालाही बसावं लागलं. हॉर्न मंजूर झाला. मेलेल्या माणसाचे नातलग कोपऱ्यात उभे राहून ऐकत होते. त्यातल्या एकाने म्हणे विचारलंसुद्धा, "आवाज कोणता घेणार?"

मग तीच रीत पडली. गावात कोणी गेलं की घरचे रडत आणि संस्थेचा सचिव विषयपत्रिका लिहायला बसे. टायर एका सावकाराच्या मातीत मंजूर झाले, व्यवस्थापक एका सोनारिणीच्या मातीत काढला आणि तिच्याच दिराच्या मातीत परत घेतला. जिवंतपणी ह्या गावाने बससाठी काही केलं नाही, मेल्यावर मात्र प्रत्येकाने हातभार लावला.

कहर झाला तो एका निवृत्त मास्तरांच्या वेळी. माझा मुलगा दिवाकर तिथे होता, त्याने घरी येऊन सांगितलं. सांगताना त्याला हसू आवरेना आणि सुतकाच्या घरून आल्यामुळे हसताही येईना. नत्थुजींनी श्रद्धांजलीचा कागद काढला तो चुकीच्या खिशातून. त्या कागदावर दुसऱ्या बसचा विषय होता. हा माणूस एकदा वाचायला लागला की काय वाचतो तिकडे त्याचं लक्ष नसतं.

"गेली अनेक वर्षं इमानदारीनं सेवा दिली," नत्थुजी वाचत होते. लोकांनी माना खाली घातल्या. "शेवटी शेवटी धूर लय सोडे." मास्तर बिड्या ओढत, त्यामुळे इथवर कोणाला खटकलं नाही. "आता इंजिन कामातून गेलं. दुरुस्ती परवडण्यासारखी नाही. करिता भंगारात काढण्यास ही सभा मंजुरी देत आहे."

मास्तरांच्या मेव्हण्याने मान वर केली. तोवर सवयीने एक संचालक बोलूनही गेला होता, "अनुमोदन."

मेव्हणा लाकूड उचलून नत्थुजींच्या मागे पुलापर्यंत पळाला. सायकल होती म्हणून वाचले.

एवढं होऊनही खोड गेली नाही. मी म्हटलं, "भाऊजी, लाज वाटू द्या. मेलेल्याच्या उजेडात हिशेब करता?" तर म्हणतात कसे, "वहिनी, संस्था जगवाची तं कुठंतरी बसा लागते."

मग तो हिवाळा आला. थंडीत आपल्याकडे दोन-चार म्हातारी खोडं पडतातच, पण त्या वर्षी कोणी मरेचना. जे वर्षानुवर्षं आज जातो उद्या जातो करत होते, तेसुद्धा उन्हात बसून बोरं खात होते. आणि नेमका त्याच हिवाळ्यात बसचा विमा संपत होता. तो भरायला ठराव लागणार, ठरावाला कोरम लागणार, आणि कोरमला मयत. विमा गेला की बस उभी, आणि एकदा उभी राहिली की ह्या मंडळाच्या हातून ती पुन्हा हलणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. नत्थुजींच्या आयुष्यात त्या बसशिवाय काही उरलं नव्हतं. कारध्याच्या भाजीवाल्या बायांचं तर पोटच तिच्यावर होतं. पहाटे तोडलेला भाजीपाला टोपल्यांत भरून त्या सकाळच्या बसने येत.

म्हणून नत्थुजी तब्येती विचारत फिरायला लागले. कोणाला रात्री झोप लागते का, कोणाच्या पायाला सूज आहे का. ज्याच्या ओट्यावर सायकल टेकली त्या घरच्या सुना मनातल्या मनात तेरवीच्या जेवणाचं धान्य मोजायला लागत.

कारध्याची सुलोचना, भाजीवाली, माझी जुनी मैत्रीण. तिने त्यांना चौकात गाठलं.

"काकाजी, कोणी मराची वाट काहून पाहून राहिले? जिवंत माणसं बोलवा ना."

"जिवंत येत नाहीत बाई," नत्थुजी म्हणाले.

"येत कसे नाहीत, पाहतो मी."

दुसऱ्या दिवशी तिने चाळीस टोपल्या दोमाजीच्या दुकानाच्या दारात मांडल्या आणि बाया पायऱ्यांवर बसल्या. गिऱ्हाईक आत जाईना, दोमाजी बाहेर येईना. दुपारपर्यंत दम काढला त्याने. मग म्हणाला, विमा संपतो त्या दिवशी सकाळी अकराला कार्यालयात येतो, माझा एक माणूस आणतो. नत्थुजींचे दोन आणि ते स्वतः, बरोबर पाच.

"पण अध्यक्षानं एक मिनिट उशीर केला तं मी निघालो," दोमाजीने बजावलं. "मले दुकान आहे."

नत्थुजी त्या दिवशी सायकलवर शीळ घालत घरी आले. त्यांना शीळ येते हे मला तेव्हा कळलं. अजिबात येत नाही, हेही तेव्हाच कळलं.

आणि इकडे मी पडले. आधी ताप, मग छातीत कफ, मग दम लागायला लागला. सगळ्या गावाला कळलं. नत्थुजी रोज संध्याकाळी यायला लागले. दोन संत्री खाटेपाशी ठेवत, दाराजवळच्या स्टुलावर बसत.

"कसं वाटते वहिनी?"

"भाऊजी, तुमचा कोरम इथं नाही जमत. दुसरं घर पाहा."

"खोकला कमी आहे का?"

"कमी झाला तं तुमचंच नुकसान."

ओशाळून हसत आणि बसून राहत. दोमाजीही एकदा येऊन गेला. "मावशी, आराम कर. मी कबूल केलं आहे, तू काही घाई करू नको," म्हणाला. बघ, काय एकेक माणसं. दिवाकर तर जाम चिडला. "आई, त्या नत्थुजीले घरात नको घेऊ. थो तुह्यावर डोळा ठेवून आहे." मलाही तसंच वाटत होतं. शेवटचे तीन दिवस मला बोलायचंही बळ राहिलं नाही. नत्थुजी येत, संत्री ठेवत, उभे राहत. मी भिंतीकडे तोंड करून पडून राही आणि मनात म्हणे, मोज बाबा, मोज माझे श्वास. दोमाजीने दगा दिला तर मी आहेच.

अकराची सभा होती त्या दिवशी सून माहेरी दिघोरीला, तिच्या बहिणीचं बाळंतपण अडलं होतं. दिवाकर वरठीला कारखान्यात सकाळपाळीला. मीच त्याला जा म्हटलं होतं, मोठ्या तोऱ्यात. साडेदहाच्या सुमारास चहा करावा म्हणून उठले, शेगडीपर्यंत गेले आणि तिथेच खाली बसले. बसले म्हणजे काय, कोसळलेच. छाती वर-खाली होत होती पण आत हवा येत नव्हती. दार उघडं होतं.

नत्थुजी त्याच वेळी सभेला निघालेले. कडक इस्त्री, कपाळाला गंध, बगलेत फाईल. दारावरून जाता जाता त्यांनी आत पाहिलं.

"वहिनी?"

मी हात हलवला, तो बहुतेक हललाच नाही.

फाईल कुठे गेली मला माहीत नाही. ते गल्लीत धावले. ऑटो नव्हता. तेवढ्यात कारध्याहून आलेली बस आपली नऊ दारांची प्रदक्षिणा करत आमच्या गल्लीत शिरली. नत्थुजी हात पसरून रस्त्याच्या मध्ये उभे. बंडूने ब्रेक मारला. सुलोचना आणि बाकीच्या बाया आत होत्या. त्यांनी मला उचलून वर घेतलं, पोत्यासारखं, आणि मांड्यांवर आडवं केलं. डोक्याखाली सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या होत्या. त्या वासाने थोडी हुशारी आली, म्हणून पुढचं मला आठवतं.

"सरळ दवाखान्यात घे," नत्थुजी म्हणाले.

बंडू बिचारा इतक्या वर्षांचा तयार केलेला. "साहेब, मार्गात बदल कराचा असन तं ठराव..."

ठरावाचं काय करायचं ते नत्थुजींनी त्याला सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. मी शुद्धीत नव्हते असं सगळे म्हणतात, पण तेवढं मला स्वच्छ ऐकू आलं.

पुढचं सुलोचनाने सांगितलेलं. मला नळी लावली, खाटेवर घेतलं. सुलोचना नत्थुजींना म्हणाली, "काकाजी, तुम्ही जा. मी बसतो इथं. अकरा वाजाले आले. दोमाजी थांबत नाही." नत्थुजी वॉर्डाच्या दाराशी भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते, इस्त्रीच्या पायजम्यात. म्हणाले, "श्वास सुधरला का, विचारून ये." ती विचारून आली, अजून नाही. ती पुन्हा म्हणाली, जा. ते पुन्हा म्हणाले, विचारून ये. असं चालू असताना अकरा वाजून गेले. दोमाजी कार्यालयात घड्याळ पाहून उठला, दुकान उघडायला गेला. नत्थुजी दिवाकर वरठीहून येईपर्यंत तिथेच बसून.

दुसऱ्या दिवसापासून बस उभी राहिली. मग वरून प्रशासक आला, मंडळ गेलं, अध्यक्षपद गेलं. दोमाजी अजून गावभर सांगतो, "मी कबूल केल्याप्रमाणं गेलो. अध्यक्षच नव्हता." आयुष्यात एकदाच खरं बोलला, तर ते असं. तिन्ही बस कार्यालयामागे चिंचेखाली उभ्या आहेत. लग्नाच्या बसमध्ये आता कोंबड्या अंडी घालतात. आणि कारध्याच्या बाया काळीपिवळी जीपमध्ये एकमेकींच्या मांडीवर बसून येतात, टोपल्या टपावर, अर्धा पाला रस्त्यातच उडून जातो. नत्थुजी रस्त्यात दिसले की सुलोचना आजही त्यांना सोडत नाही. "मी होती ना तिथं," म्हणते, "तुम्ही काय डागदर होते का?" तिचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

मी बरी होऊन घरी आले. सगळा मोहल्ला पाहून गेला, नत्थुजी मात्र आले नाहीत. आठवडा झाला. मग मीच भिंत धरत धरत त्यांच्याकडे गेले. ओट्यावर पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसले होते. सोललेले दाणे एवढेसे. एका माणसाला किती लागतात.

"काय भाऊजी, अक्कल कुठं ठेवली होती त्या दिवशी?" मी उभ्याउभ्याच म्हटलं. "सुलोचना होती ना माह्यापाशी. सभेले काहून नाही गेले?"

ते सोलत राहिले.

"बस गेली ना तुमची."

"गेली."

"अन् मी मेली असती तं घाटावर नऊच्या नऊ आले असते. विमा तं तिथंही झाला असता. दोन्हीकडून नफा होता तुम्हाले, अन् दोन्हीकडून घालवला. एवढा भैताड माणूस मी नाही पाह्यला."

त्यांनी शेंग खाली ठेवली.

"वहिनी, मंगला गेली तवापासून सकाळी माह्या घरात आवाजच नाही," ते म्हणाले. "तुम्ही उठता, दार उघडता अन् भिंतीपलीकडून म्हणता, 'नत्थ्या, मेल्या, तुह्या मोरीचं पाणी पुन्हा माह्या अंगणात आलं.' मग मी उठतो."

माझे कान तापले. तोंडावर मी त्यांना कधी भाऊजीशिवाय हाक मारलेली नाही. भिंतीपलीकडे ऐकू जातं हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही पडल्या अन् थे बंद झालं. मले वाटे, संध्याकाळी जाऊन बसलो तं काही तरी बोलतील. कोरमवरून बोलत होत्या तवर ठीक होतं. मग तीन दिवस तुम्ही तोंडच फिरवलं. त्या दिवशी दारातून पाह्यलं तं तुम्ही खाली पडलेल्या. मले अकरा-बिकरा काही सुचलं नाही, वहिनी."

मी त्यांच्या मोरीकडे पाहिलं. म्हटलं, "तं मग थे मोरी काहून दुरुस्त नाही करत? इतके वर्षं झाले."

नत्थुजींनी पुन्हा शेंग उचलली.

"मोरी ठीक आहे," ते म्हणाले. "पाणी मीच सोडतो."

त्यावर मी त्यांना जे काही बोलले ते चार घरांना ऐकू गेलं. पायात बळ नव्हतं तरी उभी राहून बोलले. ते मान खाली घालून ऐकत होते, आणि शेंगा भराभर सोलत होते.

तर असा हा माणूस. गावची बस बुडवली, कारध्याच्या बायांच्या टोपल्या टपावर चढवल्या, आणि माझ्या अंगणात वर्षानुवर्षं चिखल केला, तोही मुद्दाम. आजही सकाळी दार उघडलं की पाणी आलेलंच असतं. मी उंबऱ्यावर उभी राहून त्यांच्या सात पिढ्या उद्धरते. आता तर नाव घेऊन, मोठ्याने. पण दुखण्यापासून माझा आवाज पहिल्यासारखा राहिला नाही गं. चार शब्द बोलले की धाप लागते, आणि मध्येच थांबले की भिंतीपलीकडेही सगळं थांबल्यासारखं होतं. तुझा घसा चांगला आहे, लहानपणापासून ओरडतेस. तेव्हा नागपूरला आलीस की तिथूनच माघारी जाऊ नकोस. मुक्कामाला ये, लवकर ये. सकाळी माझ्याबरोबर उठायचं मात्र कबूल करून ये.